गावातल्या बाप्यांनी न पाहिलेली जागा

ये, अशी जवळ बस. वाचायचं असलं तरी जवळ बसल्यासारखंच वाच, कारण ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. आणि आधी मले थोडं रागावून घेऊ दे. वर्षभरानं आली तू, तीही सरकारी जीपमधून. चहा उभ्या उभ्या प्याली. माझ्या अंथरुणावर तालुक्याचा हा एवढा नकाशा पसरला आणि विचारते कशी, आजी, तुमच्या गावाच्या उत्तरेला काय आहे वो? मी चष्मा शोधून डोळ्याला लावेपर्यंत नकाशाची घडी घालून चाललीसुद्धा. नगररचना शिकलेल्या माणसाले एवढी घाई शोभते का? पिवळा रंग तिथं घरं, हिरवा तिथं शेती, जांभळा तिथं कारखाने, एवढं मी पाहून घेतलं. उत्तरेला मात्र तू रंगच दिला नव्हता. जाता जाता म्हणाली, तिथं काही नसावं.

हेच वाक्य आमच्या घरातल्या एकानं एकदा म्हटलं होतं आणि त्यावरून मोठं रामायण झालं होतं. ते ऐकायला तू थांबली नाही, म्हणून आता लिहावं लागून राह्यलं. शाळा मी बाहेरूनच पाहिली, लिहायला घरच्या घरी शिकले. तेव्हा कुठं पुस्तकासारखं होईल, कुठं गावासारखं. चालवून घेजो.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा महाराष्ट्र व्हायचा होता. आपण मध्यप्रदेशात होतो. साहेब लोक जबलपूर, रायपूरकडून यायचे आणि हिंदी बोलायचे. आपले लोक त्यांच्याशी मराठीच बोलायचे, पण आपण हिंदी बोलून राह्यलो अशी त्यांची खात्री असायची. गाव नाचणगावच्या अंगाचं. वारा इकडचा असला की पुलगावच्या मिलचा भोंगा ऐकू यायचा, नसला की आम्ही उन्हावर वेळ ठरवायचो.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन काही वर्षं झाली होती. आधी गावातली घरं आणि लोकांची वावरं सोडून जे काही उरेल, म्हणजे पडीत जमीन, नाल्याचा काठ, झाडझाडोरा, ते सगळं मालगुजाराच्या मर्जीवर. ढोरं कुठं उभी करायची, माती कुठून खणायची, सगळं त्याला विचारून. मालगुजारी गेली, ती जमीन सरकारची झाली, आणि सरकारनं ठरवलं की आता गावाला विचारून लिहून ठेवू, कोणती जागा कशासाठी. गावाची रोजची गरज भागवायची जी वहिवाट, तिला निस्तार म्हणायचे. म्हणजे तुमचं झोनिंगच ते, बाई. तुम्हीच पहिल्यांदा शोधून काढलं असं समजू नको. आमच्याकडे रंग नव्हते, आणि विचारायला साहेब स्वतः गावात येऊन दोन दिवस मुक्काम करायचा, एवढाच काय तो फरक.

आता ती जागा. गावाच्या उत्तरेला, नाल्याच्या अलीकडे, तरवडाची आणि रुईची दाट झुडपं होती, मध्ये सिंदीची दोन उंच झाडं. तिला गोदरी म्हणायचे. गोदरी म्हणजे बायकांची बाहेर जायची जागा. नाक मुरडू नको. घरात संडास असतो ही गोष्ट तेव्हा गावात कोणी ऐकलीही नव्हती. पहाटे आणि दिवेलागणीला सगळ्या मोहल्ल्यांच्या बायका तिथं. कुणब्यांच्या, माळ्यांच्या, गोंड मोहल्ल्यातल्या. ज्यांची त्यांची बाजू ठरलेली, पण येता-जाता बोलणं सगळ्यांचं सगळ्यांशी. घरात डोक्यावरचा पदर सरकू द्यायची सोय नव्हती. तिथं तो खांद्यावर टाकून चालता यायचं. कोणाची सासू कशी, कोणाचा दीर कसा, हे मला महिन्याभरात कळलं ते तिथंच. माळणी बाजाराच्या वांग्यांचे भाव तिथंच ठरवायच्या.

आणि बाप्ये? बाप्ये तिकडं पाहायचेसुद्धा नाहीत. वावरात जायची पांदण, म्हणजे गाडीवाट, त्या जागेच्या जवळून जायची. पण झुडपं दिसायच्या आधीच बाप्या माणूस गाडी वळवायचा आणि लांबचा फेरा घालून जायचा. बैलांनाही सवय झालेली, कासरा न ओढता वळायचे. चुकून कोणी त्या अंगाला आलाच तर लांबूनच खोकायला लागायचा, इतका की गावात दम्याची साथ आली असं वाटावं. अशी अदब होती. त्या अदबीचं मी आजही कौतुक करते. पण त्याच अदबीनं आम्हाला कसं गोत्यात आणलं ते ऐक.

साहेब आले, शाळेच्या ओसरीत बसले. नायब तहसीलदार होते, तरुण, डोक्यावर टोपी, स्वभावानं भले. सोबत पटवारी, त्याच्याजवळ कापडावर काढलेला गावाचा नकाशा. झाडून सगळे बाप्ये जमले. बायका कोणी बोलावल्या नाहीत आणि कोणी गेल्याही नाहीत. पुढचं मला घरच्यांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, नंतर सांगितलं. साहेबाच्या कागदावर मथळे छापलेलेच होते. ढोरं जमवायचं आखर, चराई, खळं, उकिरडे, मसणवट, आणि बाहेरगावच्या गाड्यांसाठी पडाव. एकेक जागा बोटानं दाखवायची आणि कशाची ते सांगायचं. उकिरड्यांवरून आमचे लोक सकाळभर भांडले. कोणाचा खड्डा कोणाच्या हद्दीत, कोणाच्या आजोबांनी तो खणला, शेणाची पाटी कोण कुठून नेते, एवढी बारीक माहिती निघाली की साहेबानं दोनदा पाणी मागितलं.

मग साहेबाचं बोट नाल्याच्या अलीकडच्या तुकड्यावर आलं. "और ये?"

 कोणी छताकडे पाहिलं, कोणी पायाचा अंगठा पाहिला. साहेबानं पुन्हा विचारलं. तेव्हा मामाजी पुढं झाले. मामाजी म्हणजे माझे सासरे. पंचायतीचे पंच आणि गप्प बसायची सवय नसलेले.

"काई नाई साहेब," ते म्हणाले. "खाली जागा हाये."

तुले वाटेल मामाजी खोटं बोलले. तसं नव्हतं. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तीस-चाळीस वर्षं ज्या जागेकडे माणसानं मान वळवली नाही, ती जागा त्याच्या डोक्यातल्या गावात राहीलच कशी? तिथं खरोखरच त्यांना काही दिसत नव्हतं. साहेबानं विचारायचं ते विचारलं, मामाजींनी दिसेल ते सांगितलं. आणि एकदा रिकामी म्हटल्यावर मग काय, भराभर सोयी सुचल्या. कापसाच्या दिवसांत पुलगावला जाणाऱ्या गाड्या आमच्याच गावावरून जायच्या, रस्त्यात कुठंही सुटायच्या. त्यांच्यासाठी पडाव तिथंच करावा, नाल्याचं पाणीही जवळ आहे. साहेबानं पेन्सिलीनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी जागा पाहून, मोजून, शाईनं पक्कं करायचं ठरलं.

मामाजी घरी आले ते पडाव खिशात घालून आणल्यासारखे. जेवायला बसले आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, सगळं सांगायला लागले. गावाचं नाव होईल, लांबलांबच्या गाड्या मुक्कामाला थांबतील, वगैरे. आत्याबाईंनी भाकर वाढता वाढता विचारलं, पडाव कुठं म्हणता? मामाजींनी पाठीमागे हात केला, तिकडं न पाहता. "थेच, नाल्याकडची जागा."

आत्याबाई म्हणाल्या, "तिथं दीडशे बाप्ये झोपवता तुमी?"

मामाजींच्या घशात घास अडकला. पाणी मी दिलं. त्यांचा चेहरा पाहून मला हसू येत होतं, पण माझ्या शेजारी माझी जाऊबाई बसली होती आणि ती हसत नव्हती. जाऊबाईला सातवा महिना होता. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे या वेळी सुईणीनं बजावून ठेवलं होतं, चढ-उतार करायचा नाही, लांब चालायचं नाही, नाला तर ओलांडायचाच नाही. पाय सुजून गेलेले. गोदरीपर्यंत जाता जाता ती दोन वेळा बसायची. ही जागा गेली तर पुढची आडोशाची जागा नाल्यापलीकडच्या टेकाडामागे होती. दोन वेळा निसरड्या उतारानं खाली जायचं आणि तेवढंच वर चढायचं. ती एवढंच म्हणाली, मग मी काय करू? पुढचं सगळं भांडण जे झालं ते तिच्यासाठी झालं, एवढं ध्यानात ठेव.

आत्याबाईंचं म्हणणं साधं होतं, सकाळी जा आणि साहेबाला सांगा की चुकलं. मामाजींचं म्हणणं होतं की सांगू, पण कोणत्या शब्दांत? पंचायतीसमोर, परक्या साहेबासमोर, आपल्या घरातल्या बायका कुठं बसतात ते बोलून दाखवायचं? त्यापेक्षा वावर गेलं तरी चालेल. "मंग मी येऊन सांगतो," आत्याबाई म्हणाल्या, तर त्यांनी दोन्ही हात जोडले.

पण स्वस्थ बसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. संध्याकाळीच बाकीच्या पंचांकडे गेले. परत आल्यावर सांगत होते, आणि आम्ही दाराआडून ऐकत होतो. प्रत्येकाचं म्हणणं एकच, तुम्ही बोलले, तुम्हीच निस्तरा. एकानं सुचवलं, तिथं देवीचं ठाणं आहे असं सांगू. त्यावर दुसरा म्हणाला, मग साहेब दर्शनाला चालला तर? तिसरा म्हणाला, साप निघतात म्हणू. तर म्हणे साहेब झुडपं जाळून जागा साफ करून देईल. एवढे शहाणे लोक बसले होते, पण खरं काय ते सांगून टाकू, हे कोणालाच सुचलं नाही. शेवटी ठरलं की सकाळी साहेबासोबत जायचं आणि काय होते ते पाहायचं. पंचायतीचे बरेच ठराव असेच होतात. तुमच्या ऑफिसात तसं होत नसेल.

 सकाळी विहिरीवर आत्याबाईंना नेहमीपेक्षा वेळ लागला. पाणी शेंदताना एकीच्या कानात, मग दुसरीच्या. घरी येऊन मला म्हणाल्या, ऊन वर आलं की लोटा घे आणि माझ्यासोबत चल. भर उन्हाचं? मी विचारलं. तर म्हणाल्या, लोटा रिकामा असला तरी चालेल.

आम्ही गेलो तेव्हा झुडपांच्या अलीकडे, मोकळ्या गवतावर, निम्म्या गावाच्या बायका येऊन बसलेल्या होत्या. कोणी तांदूळ निवडत होतं, कोणी पोर पाजत होतं. गोंड मोहल्ल्यातली म्हातारी आपल्या सुनेशी त्यांच्या बोलीत काही बोलून हसत होती, आणि आम्हाला कळत नसून आम्हीही हसत होतो. जाऊबाईला एका दगडावर टेकवून बसवलं. आणि प्रत्येकीच्या पुढ्यात एक लोटा. पितळेचे, जर्मनचे, एक-दोन फुटके. उन्हात चमकत होते.

पांदणीनं मंडळी आली. पुढं साहेब, मागं पटवारी, जरीब घेतलेला कोतवाल, आणि मग सगळं गाव. जरीब म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी, ओढली की छनछन वाजायची. जिथं गाड्या वळतात त्या जागेपर्यंत सगळे आले आणि थांबले. कोणी ठरवून थांबलं नाही. पायच थांबले. पटवारीही थांबला, तोही शेजारच्याच गावचा. साहेबाला काय माहीत? ते काहीतरी बोलत पुढं चालत राहिले, चांगली पन्नासेक पावलं, आणि उत्तर येत नाही म्हणून मागं वळून पाहिलं. तर सगळं गाव लांब उभं, आणि सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे. मामाजी तर आभाळात ढग शोधत होते.

साहेब बुचकळ्यात पडून पुन्हा पुढं वळले. आणि तेव्हा त्यांना आम्ही दिसलो. आधी आम्ही, मग लोटे.

माणूस संसारी असावा. एका नजरेत समजला. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि उलट्या पावलानं दहा-बारा पावलं मागं गेले. मग गावाकडं पाहून शांतपणे म्हणाले, "ये खाली जगह है?"

 एक जण खोकला. मग सगळेच खोकले.

आता तेव्हाची एक रीत तुले सांगावी लागेल. परक्या बाप्याशी बाईनं थेट बोलायचं नाही. बोलायचं असलं तर दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्यासारखं बोलायचं. आत्याबाईंनी पदर पुढं ओढला, तोंड माझ्याकडं केलं आणि पलीकडच्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लहाने, सांग साहेबाले. ही बायकायची जागा हाये. बाप्यायनं कधी पाह्यली नाई म्हून त्यायले रिकामी वाटते."

मी काय सांगणार?  पण सांगायची गरजच नव्हती, साहेबानं ऐकलं होतं. तेही रीतीचे पक्के. त्यांनी तोंड पटवाऱ्याकडं केलं आणि म्हणाले, पटवारीजी, माताजीला सांगा की पडाव रद्द. पण मोजल्याशिवाय आणि हद्द लिहिल्याशिवाय जागा राखीव करता येत नाही. आज लिहिली नाही तर उद्या दुसरा साहेब येईल आणि तोही रिकामीच म्हणेल. पटवाऱ्यानं पाठमोरं उभं राहूनच होकार दिला. पण मोजणार कोण? जरीब घेऊन आत जायला तो तयार नव्हता. कोतवालानं तर साखळी खाली ठेवून दिली. साहेबानं हुकूम केला असता तरी ते गेले नसते, आणि साहेबानंही हुकूम केला नाही.

"लहाने," आत्याबाई पुन्हा मला म्हणाल्या, "साहेबाले सांग, साखळी इकडं फेका. आमी धरतो."

तर अशी मी आयुष्यात एकदा मोजणी केली. एक टोक माझ्या हातात, दुसरं गोंड म्हातारीच्या सुनेच्या. पदरानं तोंड झाकलेलं, त्यामुळे निम्मं दिसतच नव्हतं. आत्याबाई पुढं चालायच्या आणि जिथं पाय आपटतील तिथं माळणी दगड रोवायच्या. पटवारी तिकडं पाठ करून ओरडायचा, ताणली का? आम्ही म्हणायचो, ताणली. तो तोंडानं आकडा म्हणून लिहून घ्यायचा. एवढ्या मोठ्या सरकारची मोजणी, पण मोजणाऱ्याचं तोंड गावाकडं आणि जमीन त्याच्या पाठीमागं.

पहिली बाजू सरळ झाली. दुसऱ्या बाजूला आत्याबाई सिंदीच्या झाडांपाशी थांबतील असं मला वाटलं, कारण गोदरी तिथंच संपायची. त्या थांबल्या नाहीत. नाल्याच्या पाण्यापर्यंत गेल्या. म्हणाल्या, पाणी काय पडाववाल्यायच्या घरून आणायचं? तिसऱ्या बाजूला आमचंच वावर लागायचं. तिथला धुरा, म्हणजे बांध, मामाजींच्या नांगरानं दरसाल एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, पुढं सरकत आलेला होता. बाप्ये तिकडं पाहत नसले तरी त्यांचे नांगर पाहायचे. आत्याबाई धुऱ्यावर चढल्या, पलीकडं उतरल्या, तुरीच्या दोन ओळी ओलांडल्या आणि तिथं पाय आपटला. माळणीनं दगड रोवला.

पटवाऱ्यानं आकडा मोठ्यानं म्हटला. तिकडून मामाजींचा आवाज आला, "एवढी कोठून आली?"

"तुमी येऊन पाहा ना," आत्याबाई म्हणाल्या. या वेळी मला मध्ये घातलं नाही.

मामाजींनी मान वळवायला घेतली. घेतली मात्र, आणि बाजूचे सगळे असे काही खोकले की ती मान अर्ध्यातच थांबली आणि पुन्हा आभाळाकडं गेली. साहेब टोपीनं वारा घेत होते, पण मला वाटतं तोंड झाकून हसत होते. तुरीच्या त्या दोन ओळी त्या वर्षी गावाच्या बायकांनी खाल्ल्या.

लिहायची वेळ आली तेव्हा साहेब अडले. छापील मथळ्यांत ढोरांसाठी जागा होती, शेणासाठी होती, मेलेल्या माणसांसाठी होती. बायकांसाठी नव्हती. पंच मंडळी आता धीट झाली होती, एकेक सोज्वळ नाव सुचवायला लागली. सार्वजनिक उपयोग म्हणा, गावबाग म्हणा. साहेबानं कोणाचं ऐकलं नाही. शेवटी उरलेल्या कोऱ्या जागेत हातानं लिहिलं, स्त्रियांच्या निस्तारासाठी राखीव, पुरुषांस मनाई. आणि हद्दी सांगणाऱ्या म्हणून आमचे अंगठे घ्यायला पटवाऱ्याकडून शाईची डबी झुडपांपर्यंत पाठवली. नकाशात जागा राखून ठेवणं हे मोठं कठीण काम आहे असं तू म्हणते. आमच्या वेळी खरं कठीण काम नाव घेणं होतं. तेवढं कोणी केलं की बाकी साखळी ओढायची असते.

पडाव मग चावडीसमोर गेला, जिथं बाप्ये संध्याकाळी चिलीम ओढत बसायचे. कापसाच्या दिवसांत तिथं एवढे बैल बांधले जायचे की यांना बसायला कोरडी जागा सापडायची नाही. मामाजी घरी येऊन कुरकुर करायचे. आत्याबाई म्हणायच्या, जागा तर चांगली हाये, काऊन बसत नाई तिथं?

आणि जाऊबाई? जाऊबाई शेवटच्या दिवसापर्यंत त्याच जागी गेली, सावकाश, दोनदा बसत, माझ्या खांद्याचा आधार घेत. नाला ओलांडायची पाळी तिच्यावर आली नाही. कापूस वेचणीला आला तेव्हा तिला मुलगी झाली. रंगानं सावळी आणि आवाजानं आत्याबाई. मामाजींनी तिला हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि तुरीच्या ओळींबद्दल त्यानंतर कधी बोलले नाहीत.

जाऊबाई आता नाही. ती मुलगी आहे, तुझी मोठी आत्या, जिले तू लग्नाकार्यात लांबून नमस्कार करून सटकते. पुढच्या महिन्यात ती माहेरपणाला येऊन राह्यली, आठ दिवस राहीन म्हणते. तिचे गुडघे दुखतात, पण जीभ चांगली चालते. तवा ये बाई. जीप घेऊन नाही, एसटीनं ये, म्हणजे परत जायची घाई राहणार नाही. नाल्याकडं आपण तिघी पायी जाऊ, तिले मध्ये दोनदा बसू देऊ. लवकर येजो.